थर्मोस्टॅट काढावा का? परभणीच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

सेकंडहँड गाडी तापण्याबद्दलच्या माझ्या लेखात मी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत त्यातलं पाणी रेडिएटरकडे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीकडे, जाऊ न देणारी झडप) काढू नका म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: थर्मोस्टॅट हे थंड देशांचं लाड आहे, परभणीत मे महिन्यात ४३ डिग्री असताना त्याचं कामच काय, २२ वर्षं टॅक्सी चालवली, हाती आलेल्या प्रत्येक गाडीचा थर्मोस्टॅट पहिल्या आठवड्यात काढला, एकही तापली नाही, आणि माझ्यासारखे लोक वाचणाऱ्याला घाबरवून खर्चात पाडतात. शेवटी माझ्या एका वाक्यावर बोट ठेवलंत. तिथूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात.

‘थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरमधून इतक्या जोरात पळतं की त्याला थंड व्हायला सवडच मिळत नाही’, हे ते वाक्य. चूक आहे. पाणी जोरात फिरलं तर दर फेरीत ते रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबतं, पण फेऱ्याही वाढतात, आणि एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकलेलं मी न तपासता लिहून मोकळा झालो. आज ते काढलंय.

पण थर्मोस्टॅट काढल्यावर काही गाड्या घाटात तापतात, हे खरंच. कारण वेगळं आहे. बऱ्याच इंजिनांत पाण्याला रेडिएटर टाळून परत इंजिनात नेणारी एक आडवाट असते, बायपास. त्यातल्या काहींत थर्मोस्टॅट उघडताना खालच्या चकतीने हा बायपास बंद करतो. तो काढून टाकला की आडवाट कायमची उघडी, आणि गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरचं तोंड न बघताच माघारी. तुमच्या गाड्यांत तशी रचना नसावी, म्हणून निभावलं.

आता ४३ डिग्रीचं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. साधारण ८२ डिग्रीला ते वितळून फुगायला लागतं, झडप उघडू लागते, ९५ च्या आसपास पूर्ण उघडते. बायपासची गोष्ट सोडली तर त्यापुढे तो असला काय नि नसला काय. तो फक्त खालची हद्द राखतो. वरची हद्द रेडिएटर, पंखा, पंप आणि झाकण यांच्या हातात. टॅक्सी सकाळी एकदा तापली की रात्रीपर्यंत गार होत नाही, म्हणून तुम्हाला तोटा जाणवला नसेल. पुण्यात चार किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणाऱ्याचं इंजिन डिसेंबरात पुरतं तापायच्या आतच बंद होतं. गाडीचा कॉम्प्युटर इंजिन गार आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, अ‍ॅव्हरेज बोंबलतं.

बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट काढला की गाडी जागच्या जागी बरी होते, हेही मान्य. वाटेत अडकलो तर मीही काढून घर गाठेन. दुसऱ्या दिवशी नवीन बसवेन.

माझा खरा आक्षेप लेखात नीट उतरलाच नव्हता. विकायला काढलेल्या गाडीत थर्मोस्टॅट नसेल, तर तो कुणी आणि का काढला, हे विचारायलाच हवं.

मागच्या डिसेंबरात मेहुण्यासाठी चिंचवडला एक नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक बघायला गेलो. संध्याकाळी पोचलो तर बॉनेट आधीच गरम. ‘आत्ताच पेट्रोल भरून आलो,’ मालक म्हणाले. फेरी मारली, तापमानाचा काटा मध्याच्याही खाली, एकदम गुणी बाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येतो म्हणालो आणि सातलाच गेलो. इंजिन गारठलेलं होतं, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं (गरम गाडीचं चुकूनही उघडू नका, तोंड भाजतं). आत चहाच्या रंगाचं पाणी, कूलंटचा (पाण्यात मिसळायच्या गंजरोधक रंगीत द्रवाचा) रंग नावालाही नाही. झाकण उघडंच ठेवून गाडी सुरू केली, वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट धड असला तर हा पाइप काही मिनिटं गारच राहतो आणि मग बघता बघता चटका देतो. इथे तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला. म्हणजे झडप नाही, किंवा उघडीच अडकलेली. तेवढ्यात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. अडकलेली हवा निघते तेव्हा थोडे येतात नि थांबतात. हे थांबेनात, रेस केली की वाढत.

‘मेकॅनिकने काढला असेल,’ एवढंच मालक म्हणाले. आमच्या मेकॅनिकने तपासणीची नळी लावली, तिच्यातलं निळं औषध पिवळं झालं. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील करणारी पट्टी, गेलेलं. शहरातल्या फेरीत काटा वर जाणारच नाही, अशी सोय कुणीतरी करून ठेवली होती. खंबाटकीच्या चढावर चार माणसं आणि एसी लावून कळलं असतं. हेड उतरवून फेसिंग (त्याचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट मिळून अठरा हजारांचा अंदाज निघाला. मेहुण्याने गाडी सोडली.

साध्या पाण्याबद्दल थोडंच. पाणी कूलंटपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं, हे खरं. पण बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि गंज रोखणारं त्यात काहीच नसतं. झाकणाकडेही बघा, ते आतला दाब धरून ठेवतं. ०.९ बारचं झाकण धड असलं तर साधं पाणीही ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं, रबर गेलं की १०० लाच.

राहिला खर्च. वर लिहिलेलं बहुतेक सगळं हात नि डोळ्यांनी होतं. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडला की उघडतो की नाही तेही दिसतं. पातेलं मात्र जुनं घ्या. आमच्या आईने ते परत स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.

तुमची सध्याची गाडी कोणती ते लिहिलं नाहीत. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लागत असेल तर येत्या डिसेंबरात पहाटे वीस मिनिटं हायवेला चालवा आणि पाण्याचं तापमान वाचा. काट्यावर जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत मधल्या पट्ट्यात तो जागचा हलत नाही. आकडा ७० च्या खाली राहिला तर इथे कळवा, नव्या थर्मोस्टॅटचे साडेचारशे रुपये माझ्याकडून.