मुंबईत कुत्रा पाळायचा असेल तर आधी भरती-ओहोटी बघा

मुंबई 'पेट फ्रेंडली' आहे हे सांगताना लोक बहुतेक वेळा कॅफेंची नावं घेतात. वांद्र्याला कुठे कुत्र्याला टेबलाशेजारी बसू देतात, वर्सोव्याला कुठे त्याच्यासाठी वेगळा वाडगा मिळतो, वगैरे. चांगलंच आहे. पण कुत्र्याचं वर्ष जातं दमट हवेत, ओल्या लादीवर, लिफ्टच्या लॉबीत आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्यांत. या शहरात कुत्रा धडधाकट राहील की महिन्यातून दोनदा डॉक्टरकडे जाईल, हे माझ्या मते दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे हवेतला ओलावा आपण कसा हाताळतो आणि दुसरी म्हणजे समुद्राच्या वेळा आपण पाळतो की नाही.

आधी ओलावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी उडून जातं आणि त्याबरोबर उष्णता बाहेर पडते. हवाच पाण्याने भरलेली असली की हे पाणी उडत नाही, धाप नुसती वाढत जाते आणि धापेच्या मेहनतीने अंग आणखी तापतं. म्हणून "आज तर ३३ अंशच आहे" हा हिशेब मुंबईत धोक्याचा आहे. सगळ्यात फसवे महिने मार्च आणि ऑक्टोबर. शाळेत शिकलेले खारे वारे आठवा. ते सकाळी उशिरा समुद्रावरून आत यायला लागले की पारा थांबतो. मार्चमध्ये पुष्कळदा जमिनीकडचे गरम वारे जोरात असतात आणि खारे वारे दुपारपर्यंत येतच नाहीत. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती, तीही मार्चमधलीच. तेव्हा या दोन महिन्यांत सकाळची फेरी सातच्या आत संपवायची आणि संध्याकाळची अंधार पडल्यावरच काढायची. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्याचे पंजेही तिथे नकोत.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की काळजी, १०६ ला अवयवांना इजा व्हायला लागते. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट आणि चिकट, चाल लटपटती, ही लक्षणं दिसली की जागच्या जागी नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पंजांवर ओतत राहायचं आणि समोर पंखा लावायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. थोड्या वेळात तो टॉवेल गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. गुदद्वारातून तापमान मोजत राहा आणि १०३.५ च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर पुढे ते गरजेपेक्षा खाली जातं. मग तो उठून शेपटी हलवायला लागला तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनीही उघड होतो.

आता समुद्र. जुहू, वर्सोवा, दादर, आक्सा, गोराई, कुठलाही किनारा घ्या, कुत्र्यासाठी तो रोज वेगळा असतो. ओहोटीला वाळू ओली, घट्ट आणि थंड असते. सांध्यांवर ताण येत नाही आणि पळायला भरपूर जागा मिळते. भरतीला उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत पट्टी. सगळा कचरा त्याच पट्टीत, गर्दीही त्याच पट्टीत.

वेळ काढायला ॲप लागत नाही. कोकणातली जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीचा तास येतो. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या पुढेमागे. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी कुत्र्यासाठी सोन्यासारख्या. सप्तमी ते दशमी मात्र नेमकी फेरीच्या वेळेला भरती असते, त्या दिवसांत किनारा सोडा आणि गल्लीतून किंवा मैदानातून फिरवा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कुत्र्याच्या फेरीसाठी एवढा अंदाज पुरतो. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. त्या दिवसांत किनारा, बँडस्टँडचे खडक, वरळी सी फेस सगळंच टाळा. उधाणाची लाट कठड्यावरून आत येते आणि माणूस कठडा धरू शकतो, कुत्रा नाही. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, तर पट्ट्यासकटही सोडू नका. फटीत पाय अडकला की मोडतोच, शिवाय आत उंदीर भरपूर.

किनाऱ्यावर जाताना नजर ठेवायची ती भरतीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेषेवर. कुत्र्याचं नाक नेमकं तिथेच जातं. चौपाटीवर सगळ्यात घातक वस्तू म्हणजे खाल्लेल्या भुट्ट्याचं कणीस. चव मिठा-लिंबाची, कुत्रा तुकडा गिळतो, तो पचत नाही, क्ष-किरणातही नीट दिसत नाही आणि आतड्यात अडकतो. दोन-तीन दिवसांनी उलट्या सुरू होतात तेव्हा भुट्ट्याची आठवणही कुणाला नसते. कोळीवाड्याजवळच्या किनाऱ्यांवर गळ आणि नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे सापडतात. गळ ओठात रुतला तर मागे ओढू नका, टोकाचा काटा मांस फाडतो. गळ गिळला असेल आणि तोंडातून दोरा लोंबत असेल, तर दोरा ओढू नका, पुरा कापूही नका. बाहेरचं टोक पट्ट्याला बांधा आणि तसंच डॉक्टरकडे न्या, त्यांना त्या दोऱ्याचा माग लागतो. किनाऱ्यावर पडलेला फुगीर, काटेरी केंड मासा दिसला तर कुत्र्याला लगेच बाजूला घ्या. त्याच्या विषावर उतारा नाही.

पावसाळ्यात डांबरगोळे येतात. पंजाला लागले की कुत्रा ते चाटून काढायला बघतो आणि पोटात घेतो. रॉकेल किंवा थिनर कधीही लावू नका. खोबरेल किंवा कुठलंही खायचं तेल चोळा, दहा मिनिटं ठेवा, टिश्यूने पुसा आणि मग भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवा. त्याच दिवसांत निळे फुगे, म्हणजे ब्लू बॉटल, वाहून येतात. मेलेल्या ब्लू बॉटलचा दोराही डसतो. डसला तर हातमोजा घालून दोरा उचला आणि समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने उरलेल्या पेशी फुटून जास्त विष सुटू शकतं. तोंडावर किंवा जिभेवर डसला असेल तर थेट दवाखाना. गणेश विसर्जनानंतर तर निदान आठ-दहा दिवस किनारा नकोच. वाळूत तारा, खिळे आणि मूर्तींचे धारदार तुकडे पुरलेले असतात.

सोबत किमान एक लिटर गोडं पाणी ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी थोडं थोडं पाजा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो. थोडं प्यायला तर जुलाब होतात, जास्त प्यायला तर रक्तातलं मीठ वाढून झटके येतात. चेंडू पाण्यात फेकून आणायला लावणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवा, कारण प्रत्येक फेरीत तो घोटभर पाणी गिळतोच.

घरी आल्यावरची पंधरा मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात आणि तीच लोक टाळतात. केसांत राहिलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे कुत्रा वाळला असं वाटतं, पण कातडी ओलीच राहते आणि बुरशीला हवं ते मिळतं. पोट, काखा आणि पंजे गोड्या पाण्याने धुवा. बोटांच्या फटी एकेक उघडून पुसा. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे, लॅब्राडोर, कॉकर, बीगल यांचे, कान आतून कोरड्या कापसाच्या बोळ्याने टिपा. इअरबड नको, तो मळ आत ढकलतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. डॉक्टरांनी दिलेलं इअर क्लीनर आठवड्यातून एकदा पुरे. कानाला आंबूस वास, सतत डोकं झटकणं, पंजा चाटून केस तांबडे होणं ही बुरशीची सुरुवात. औषधी शांपू दिला असेल तर फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो, लगेच धुतला तर पैसे वाया. जूनपासून गादी लादीवर टाकू नका, जाळीची उंच खाट घ्या, खालून हवा खेळते. गोल्डन रिट्रीव्हरची हजामत मात्र करू नका. त्याचा दुहेरी कोट ऊन अडवतो आणि एकदा काढला की पुष्कळदा नीट परत येत नाही.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लस दरवर्षी लागते, कारण तिचं संरक्षण सुमारे वर्षभरच टिकतं. पहिल्यांदा देत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, म्हणजे जूनमध्ये आठवण होऊन उपयोग नाही. उंदीर-घुशींचं मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळतं आणि पंजावरच्या खरचटीतून किंवा ते पाणी चाटल्याने जंतू आत जातात. ताप, उलट्या, डोळे पिवळे, लघवी एकदम जास्त किंवा एकदम कमी झाली तर थांबू नका. आणि अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा, हा आजार माणसालाही होतो.

गोचीड हा मुंबईतला कुत्र्याचा खरा शत्रू आहे, आणि तो बारा महिने आहे. आपल्याला अंगावर दिसतात ते थोडेच. बाकीचे भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, वॉचमनच्या केबिनमध्ये. एक मादी हजारांवर अंडी घालते. मानेवर टाकायचे थेंब पावसाळ्यात फसतात, कारण लावल्यावर दोन दिवस अंग कोरडं राहायला हवं आणि ते जमत नाही. म्हणून गोळी बरी. फ्लुरालेनरची सुमारे बारा आठवडे चालते, ॲफॉक्सोलेनरची महिनाभर. जेवणाबरोबर द्या आणि कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचं काहीही आणू नका, मांजर दगावतं. पेस्ट कंट्रोल एकदा करून भागत नाही, अंडी फुटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करावं लागतं. आणि सोसायटीतल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना गोळी दिली नाही तर तुमची गोळी अर्धीच कामाची. वर्गणी काढून त्यांनाही द्या. हा खर्च लॉबी सजवण्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

जेवण सोडलं, ताप आला, नाकातून रक्त आलं, पोटावर किंवा हिरड्यांवर लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून प्लेटलेट बघा. एर्लिकिया हा गोचिडातून येणारा जंतू निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस चालतं. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारतो म्हणून बंद केलं की आजार लपून बसतो. बॅबेसिया गिब्सोनी या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूला मात्र त्याने उतार पडत नाही, औषधं वेगळी लागतात. त्यामुळे डॉक्सीने फरक दिसत नसेल तर पीसीआर चाचणीचा आग्रह धरा. घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन देऊ नका.

जातीबद्दल स्पष्ट बोलतो. हस्की आणि सेंट बर्नार्ड मुंबईत आणणं मला अन्यायाचं वाटतं. चोवीस तास एसीत ठेवू म्हणणाऱ्यांनी वीज गेलेली दुपार डोळ्यांसमोर आणावी. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांचा श्वासमार्गच आखूड, दमट हवेत त्यांची धाप कामच करत नाही. आपला देशी कुत्रा घ्या. आखूड केस, उभे कान, लांब नाक, तिन्ही गोष्टी या हवेसाठी योग्य. लस, नसबंदी आणि गोचिडाची गोळी त्यालाही लागतेच, पण कातडीच्या डॉक्टरकडच्या खेपा कमी होतात.

सोसायटीबद्दल थोडक्यात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे जादा पैसेही घेता येत नाहीत. छापून फाइलमध्ये ठेवा. त्याच फाइलमध्ये महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्डही असू द्या, म्हणजे वाद पाच मिनिटांत मिटतो.

शी उचलण्यावर मात्र कुठलीही सवलत नको, किनाऱ्यावर तर अजिबातच नको. "भरती नेईल" हे खोटं आहे. ओल्या, उबदार वाळूत अंकुशकृमीची अंडी फुटतात आणि अळ्या अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या तळपायांत शिरतात. कातडीखाली वळणावळणाची खाजरी रेघ उठते ती याचीच. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, पिल्लाला बारा आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, आणि पिशवी दोन घेऊन निघा.

महापालिकेकडे मागायचंच असेल तर माझी मागणी साधी आहे. जुहू, वर्सोवा आणि दादरच्या किनाऱ्यांवर उतरायच्या जागी गोड्या पाण्याचा एक खालच्या उंचीचा नळ, झाकणाचा डबा आणि सकाळी साडेसातपर्यंत पट्ट्यासह कुत्र्यांना मोकळीक, नंतर किनारा मुलांना आणि फिरायला येणाऱ्यांना. शिवाय प्रत्येक परिमंडळात रात्रभर चालणारा आणि रक्त चढवायची सोय असलेला एक दवाखाना, कारण प्लेटलेट उतरलेला कुत्रा सकाळी दहाची वाट बघू शकत नाही.