बारावीचे संगणकशास्त्र आणि ८०८५ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: विद्यार्थी हा विषय केवळ गुणांसाठी घेतात, त्यात शिकवला जाणारा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर (संगणकाचा मेंदू असलेली चिप) १९७६ सालचा म्हणून कालबाह्य आहे, आणि सीईटीच्या वर्षी हे ओझे आपल्या मुलीवर कशाला, असा आपला प्रश्न आहे.

पहिला आक्षेप मान्य. संगणकशास्त्र हा बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी घेता येणारा, विषय आहे; त्याच्या २०० गुणांपैकी निम्मे प्रात्यक्षिकांचे असतात आणि ते सढळ हाताने दिले जातात, हे क्लासवाल्यांपासून पालकांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. ८०८५ मध्ये सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर, मोजकी रजिस्टरे (चिपमधील आकडे ठेवण्याच्या जागा) आणि ६४ केबीपर्यंतची मेमरी, एवढाच पसारा असल्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला तो संपूर्ण समजू शकतो. आजच्या फोनमधील चिपबद्दल असे म्हणण्याचे धाडस तिच्या अभियंत्यांनाही होणार नाही. ट्रेनर किटवर, म्हणजे ही चिप बसवलेल्या सरावाच्या संचावर, विद्यार्थी एकेक बाइट स्वतःच्या हाताने भरतो, मुख्य रजिस्टर असलेल्या अ‍ॅक्युम्युलेटरमधील २५५ मध्ये १ मिळवतो आणि उत्तर २५६ न येता शून्य येते, तेव्हा आठ बिटांत, म्हणजे २५५ पर्यंतच्याच संख्या मावणाऱ्या जागेत, न मावलेला एक ‘हातचा’ नोंदवणाऱ्या कॅरी फ्लॅगमध्ये जाऊन बसला आहे, हे त्याला शोधून काढावे लागते. सीबीएसईने अकरावी-बारावीसाठी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा स्वीकारली, ते योग्यच झाले. पण पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा मोठा होत जात असल्याने हा प्रश्न विद्यार्थ्यासमोर उभाच राहत नाही.

खरे जुनाट काय असेल, तर याच विषयातली सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेची प्रात्यक्षिके. या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले, प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडाव्या लागणाऱ्या हेडर फाइलींची नावे बदलली, तरी कित्येक प्रयोगशाळांत टर्बो सी प्लस प्लस या त्याआधीच्या कंपायलरचा (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) निळा पडदा कायम आहे, आणि तिथे पाठ केलेला प्रोग्राम नव्या कंपायलरवर पहिल्याच ओळीला अडतो. त्यातही जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेले असेल, तर कंपायलर कोणता याने काय फरक पडणार?

ओझ्याविषयी सांगायचे, तर बायफोकल हा द्वितीय भाषा आणि एक वैकल्पिक विषय, बहुधा जीवशास्त्र, यांच्या जागी येतो. अभियांत्रिकीच्या सीईटीला लागणारे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तसेच राहतात. या अदलाबदलीत अनेकांची मराठी दहावीलाच सुटते, याची खंत मला आपल्या तिन्ही आक्षेपांपेक्षा अधिक वाटते.

आपल्या कन्येच्या मनात वैद्यकीय शिक्षणाचा थोडाही विचार असेल, तर तिने जीवशास्त्र सोडू नये, कारण नीटला ते लागते. नसेल, तर प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहून यावे आणि किती विद्यार्थ्यांमागे एक किट आहे, व ती किट परीक्षेखेरीज कपाटाबाहेर निघतात का, हे तिथल्याच बारावीच्या मुलांना विचारावे.