त्या पाण्यावरच्या बाहुल्या रिमोटच्या नाहीत!

पाण्यात नाचणाऱ्या ड्रॅगनचा व्हिडिओ "चीनचे रिमोटवाले रोबोट" म्हणून फिरतोय, कालच मीही ग्रुपवर टाकला होता, चुकलंच माझं. ही व्हिएतनामची कला आहे, लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीच्या गावांतली, ११२१ सालच्या शिलालेखातसुद्धा तिचा उल्लेख आहे. मोटर-बिटर काही नसते हो, कलाकार बांबूच्या पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाण्याखालच्या लांब दांड्यांनी आणि दोऱ्यांनी लाकडी बाहुल्या नाचवतात, पाणी गढूळ म्हणून दांडा दिसत नाही इतकंच. हनोईत खेळ संपला की सगळे पडद्यामागून तसेच पाण्यातून पुढे येऊन वाकून नमस्कार करतात, किती मेहनत आहे ती! प्लीज जुना मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथे हेही टाका.