हॅचरी नंतर, आधी विणीची माकूल सोडा

‘हॅचरीत पिल्लं वाढवून समुद्रात सोडणं हाच माकूल वाचवण्याचा एकमेव मार्ग’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या स्पेन्सर गल्फमध्ये पॉइंट लोलीला विणीसाठी जमणारे जायंट कटलफिश (माकुलाचीच एक मोठी जात) २०१३ साली साडेतेरा हजारांवर घसरले होते. तिथे मासेमारी बंद झाली. २०२० पर्यंत आकडा दोन लाखांच्या वर! सगळं श्रेय बंदीचं असेलच असं नाही, पण हॅचरीचं तर नक्कीच नाही.

आपल्या किनाऱ्यावर उलटंच. कारवारपासून खाली मंगळूरपर्यंत नारळाच्या पोयी (फुलोऱ्याचे दांडे) पाण्यात सोडतात, त्यांवर अंडी घालायला माकूल जमली की गळाने उपसतात. एका विणीच्या हंगामानंतर ती मरतेच. अंडी घालण्याआधीच टोपलीत गेली, तर हॅचरीवाले अंडी आणणार कुठून?