दगडाचं सुतक

परवा लिफ्टमध्ये नोटीस लागली. 'काही सभासद घरात दगड कुजवत असल्याच्या तक्रारी आल्या आहेत, सदर प्रकार त्वरित थांबवावा.' काही सभासद म्हणे! अख्ख्या सोसायटीत दगड कुजवणारा मी एकटा, सरळ फ्लॅट नंबर लिहायचा ना.

तर मला मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक करायचाय, त्याला रॉक लागतो, म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा दगड. हौस फिटलेल्या एकाकडून गोणीभर ड्राय रॉक घेतला, गच्चीवर पडून खडखडीत वाळलेला. "एकदम क्लीन आहे भाऊ." क्लीन! भोकाभोकांत वाळलेले स्पंज, किडे, शिंपले, सगळी मयतं आत तशीच. बाल्कनीत ड्रम, त्यात आरओचं पाणी, मीठ ३५ पीपीटी (म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग), हीटर, पाणी फिरवायला पॉवरहेड पंप, सगळं शास्त्रशुद्ध केलं आणि असा वास सुटला की कबुतरंसुद्धा फिरकेनात. (एवढाच काय तो फायदा.)

मग आले वरचे काका. पीडब्ल्यूडीतून रिटायर्ड, नोटिशीखाली सही त्यांचीच. नाकाला रुमाल, पण वाकून वाकून ड्रममध्ये बघतायत.

"काय मेलंय यात?"

"काही नाही काका, दगड आहे."

"दगड मेलाय?"

"म्हणजे पूर्वी जिवंत होता. आता परत जिवंत करतोय."

काकांनी रुमाल खाली घेतला. "घरात मोठं कोणी आहे का?"

मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे हो.

मग मी समजावत बसलो, की दगड म्हणजे दगड नाही, त्यावर बॅक्टेरिया बसवायचे, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, तोवर मासा टाकला तर मरतो. काका म्हणाले, "उभ्या सर्व्हिसमध्ये एवढी खडी टाकली, एक दगड उठून बसला नाही." वर सल्ला, की आपला काळा बेसॉल्ट घे, फुकट मिळेल. म्हटलं तो ठोस असतो, हा कॅल्शियम कार्बोनेटचा, आतून सच्छिद्र, बॅक्टेरियाला जागा मिळते. "मग समुद्रातून उचलायचा!" म्हटलं काका, २००१पासून आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, वाघ आहे ना, त्याच यादीत.

एवढ्या सगळ्यातून काकांनी नेमका वाघ उचलला. संध्याकाळी बी विंगच्या वॉचमनने मला विचारलं, "साहेब, परमिशन काढली का?"

विनोद सोडा, पण चीड येते. तळमजल्यावरच्या फरसाणवाल्याचं जळकं तेल आम्ही बारा महिने हुंगतो, दुसऱ्या मजल्यावर ऐन दुपारी ड्रिल चालतं, डक्टमध्ये लोक डायपर फेकतात, त्याची नोटीस कधी बघितली नाही. माझा दगड तेवढा दिसला. आणि तो क्लीनवाला आता फोन उचलत नाही.

आता सगळं उपसून आधी ब्लीचमध्ये, मग क्लोरीन घालवा, वाळवा, मग परत मिठाचं पाणी, आणि मग बॅक्टेरिया बसवायची सायकल पहिल्यापासून, म्हणजे चार-सहा आठवडे सहज, वर दगडातून शेवाळ वाढवणारं फॉस्फेट सुटत राहणार ते वेगळंच. अॅसिडने काम लवकर होतं म्हणतात, पण घरात ब्लीचचा कॅन असताना अॅसिड आणायची माझी छाती नाही, दोन्ही चुकून एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू.

काल काका पुन्हा आले, या वेळी रुमालाशिवाय. बराच वेळ ड्रमकडे बघून हळूच म्हणाले, "एवढं सगळं करून खायला साधारण किती किलो निघतील?"