दोन साइज मोठे आणि वर्षभराचे एकदम? त्या यादीला उत्तर

शाळा सुरू व्हायच्या आगेमागे एक यादी मोबाइलवर फिरू लागते. ‘कमी पैशांत शाळेचे कपडे : सहा सोनेरी नियम’. नियम असे : कपडे दोन साइज मोठे घ्या. महाग तेच टिकतं, स्वस्ताच्या नादी लागू नका. कापड शंभर टक्के सुतीच हवं. सेल लागला की वर्षभराचं एकदम घेऊन टाका. दुसऱ्याचे वापरलेले कपडे मुलांना घालू नका, मनावर परिणाम होतो. आणि बूट दोन नंबर मोठे, पुढे कापूस. यंदा ही यादी मला तीन गटांत आली, एकदा तर गुलाबाच्या चित्रासकट.

बेताच्या पगारात दोन मुलं शाळेत घातली आहेत. घरात शिलाई मशीन आहे, त्यामुळे शेजारपाजारच्या पँटीही दुरुस्तीला माझ्याकडेच येतात. फाटलेली पँट हातात घेतली की ती कुठून आणि का गेली ते कळतं. त्या जोरावर सांगते, या सहांतला एखादाच नियम अर्धामुर्धा खरा आहे.

‘दोन साइज मोठे घ्या, दोन वर्षं पुरतील.’ हा सगळ्यांत लाडका नियम, म्हणून याच्यावर जरा जास्त बोलते. साधारण पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला 5-6 सेंटिमीटर वाढतं. युरोपात मुलांच्या कपड्यांवर वयाऐवजी उंचीचा आकडा छापतात : 110, 116, 122, 128. दोन मापांत 6 सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे एक माप हे साधारण एका वर्षाचं वाढणं. दोन मापं मोठी पँट घेतली तर ती मुलाला नीट बसायला दोन वर्षं जाणार.

पण तोवर पँट कपाटात थोडीच बसून राहते? ती रोज अंगावर असते. पँटीचे पाय लांब असल्यामुळे त्यांची खालची कड, म्हणजे मोहरी, टाचेखाली येते आणि चालताना जमिनीवर घासून तिच्या दशा निघतात. गुडघ्याची जागा नडगीवर येते, बैठक खाली लोंबते आणि धावताना नेमका तिथल्या शिवणीवर ताण येतो. माझ्याकडे आलेल्या अशा पँटींचा हिशेब एकच : मूल पँटीएवढं झालं तेव्हा पँट संपलेली होती. कपडा झिजतो तो वापरानं, मापात बसल्यानं नाही.

मग वाढीसाठी जागा ठेवायचीच नाही का? ठेवायची, पण आत. दुकानात पँट उलटी करून मोहरीची दुमड बघा. काही पँटींत जेमतेम बोटभर असते, काहींत चांगली चार बोटं. कमरेला मागच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे तेही बघा. माप एकच मोठं घ्या, जास्तीची लांबी आत दुमडून हातानं टाके घाला, आणि सहा महिन्यांनी एक घडी सोडा. मशीनची टीप उसवली की भोकांची रांग राहते. हाताचे टाके विरळ घातले तर तसं होत नाही.

एक अडचण मात्र राहते. घडी सोडली की जुन्या दुमडीच्या जागी एक फिकट रेघ दिसते. नुसती चुणी असेल तर कापड ओलसर करून इस्त्री दाबली की जाते. पण धुऊन धुऊन त्या कडेचा रंगच विटलेला असेल तर इस्त्री काही करू शकत नाही. मी त्या रेघेवर कापडाच्याच रंगाच्या जाड दोऱ्यानं धावदोरा घालते. लांबून ती शोभेची शिलाई वाटते. धाकटीनं तिच्या मैत्रिणींना ती ‘डिझाइन’ आहे असं सांगून ठेवलंय, आणि मी ते खोडून काढलेलं नाही.

वयात येताना हे गणित बदलतं. तेव्हा ऐन वाढीच्या वर्षात मुली 8 सेंटिमीटरच्या आसपास आणि मुलगे त्याहूनही जास्त वाढतात, तेही एकसारखे नाही. आधी पावलं, मग पाय, धड सगळ्यांत शेवटी. म्हणून त्या वर्षी शर्ट ठीक बसत असतो आणि पँट घोट्याच्या वर गेलेली असते. अशा वेळी पूर्ण जोड न घेता फक्त खालचा कपडा घ्यावा. घेरदार स्कर्टला या सगळ्याचा त्रास कमी, कमरेचं बटण सरकवलं की वर्ष निघतं.

‘महाग तेच टिकतं.’ किमतीत कापड असतं, शिलाई असते, आणि जाहिरात, काचेचं दुकान, छातीवरचं चिन्ह हेही असतं. यातलं टिकतं काय, ते किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. ते आतल्या बाजूला असतं.

शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून कापड हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ती शिवण लवकर उसवणार. एका इंचात दहा-बारा टाके असले की काळजी नाही, सहा-सातच असतील तर घाईत शिवलेलं आहे. खिशाच्या कोपऱ्यांवर आणि चेनच्या तळाशी आडवी घट्ट शिलाई हवी, कारण मुलं खिशात हात नुसता घालत नाहीत, लटकवतात. कापड मुठीत दाबून सोडा, किती चुरगळतं ते कळेल. खालच्या कपड्याला तिरप्या रेघांची वीण, म्हणजे ट्विल, असेल तर उत्तम. ती साध्या विणीपेक्षा दाट विणता येते आणि घासणं जास्त सोसते. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. दुकानदार जरा वैतागतो, वैतागू द्या.

या परीक्षेत महागडा कपडा नापास होताना मी पाहिलाय आणि ढिगातला पास होतानाही. मात्र सगळीकडे सारखीच काटकसर करू नका. पँटीचा गुडघा, दप्तराचा पट्टा येतो तो खांदा, बूट, या जागा आधी जातात. पैसे तिथे घाला. टाय, पट्टा, मोजे यांत स्वस्त चालतं. नवी पँट आणली की घालायच्या आधीच गुडघ्याला आतून जुन्या पँटीचा तुकडा लावून टाका. फाटल्यावर लावलेलं ठिगळ दिसतं, आधी लावलेलं कुणाला कळतही नाही.

‘शंभर टक्के सुतीच हवं.’ अर्धामुर्धा खरा म्हटलं तो हाच. सूत घाम शोषतं, पॉलिएस्टर जवळपास शोषतच नाही. पॉलिएस्टरवर तेलकट डाग आणि घामाचा वासही जास्त धरतो. म्हणून अंगालगतचा कपडा सुती किंवा सूत जास्त असलेला असावा, यात वाद नाही.

पण तोच नियम पँटीला लावला की फसायला होतं. पॉलिएस्टरचा धागा 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला. पुढे तो सुतात मिसळून गणवेशाचं कापड निघू लागलं त्याला कारणं आहेत : ते फारसं आटत नाही, लवकर वाळतं, इस्त्री कमी मागतं. एकच जोड असलेल्या घरात रात्री धुतलेला कपडा सकाळी कोरडा मिळणं ही चैन नाही, गरज आहे. जाड सुती पँट दमट हवेत सकाळीही ओलीच असते. मिश्र कापडाचा एक दोष सांगून ठेवते. त्यावर गोळे येतात आणि ते गळून पडत नाहीत, कारण पॉलिएस्टरचा चिवट धागा त्यांना धरून ठेवतो. दाढीच्या जुन्या ब्लेडनं अलगद खरवडले की निघतात, फक्त हात हलका हवा. सुती कपडा घेतलात तर आधी आटवलेला आहे का ते विचारा, आणि नसेल तर घडी उसवायच्या-घालायच्या आधी एकदा धुवा.

‘सेलमध्ये वर्षभराचं एकदम घ्या.’ इथे मला खरा राग येतो. यादीच्या डोक्यावर ‘कमी पैशांत’ असं लिहिलंय, आणि सल्ला असा की वर्षाचे पैसे एका दिवशी काढा. ज्याच्याकडे ते आहेत त्याला ही यादी लागतच नाही. ज्याच्याकडे नाहीत तो उधारीवर घेतो, आणि सवलतीत वाचलेलं व्याजात घालवतो.

शिवाय जूनमधलं मूल आणि जानेवारीतलं मूल यांचं माप एक नसतं. सुरुवातीला दोन जोड घ्या, तिसऱ्याचे पैसे बाजूला ठेवा. सहामाहीपर्यंत कळतं की शर्ट गेलाय की पँट, मग तेवढंच घ्या. तिसऱ्याची गरज पडत नाही असंही होतं. सेलमधून आणायचेच असतील तर पांढरे मोजे आणा, सगळे एकाच रंगाचे आणि एकाच जातीचे. सहा जोड्या सहा रंगांच्या असल्या आणि प्रत्येकातला एक हरवला, तर सहाही जोड्या गेल्या. एकाच रंगाच्या असल्या तर उरलेल्या सहा मोज्यांच्या तीन जोड्या होतात. आमच्या घरात मोजे नेमके जातात कुठे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

‘वापरलेले कपडे घालू नका.’ वापरलेला कपडा आटायचा तेवढा आटलेला असतो, जास्तीचा रंग गेलेला असतो, कमकुवत शिवण असेल तर ती कधीच उसवलेली असते. म्हणजे त्याचा खरेपणा सिद्ध झालाय. कॉलर, काखा, गुडघे, बैठक उजेडात धरून बघा. विरलेलं असेल तर नको म्हणा, इलॅस्टिक सैल असेल तर घ्या, ते बदलता येतं.

मुलं चिडवतात हे खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण मी पाहिलंय ते असं की चिडवतात डागाला, लांड्या पँटीला, उसवलेल्या खिशाला. स्वेटर कुणाचा होता हे कोण विचारतो? धाकटीला दादाचा स्वेटर दिला तेव्हा तिनं तो उलटा करून बघितला आणि म्हणाली, “दादाचा आहे, मग याचा खिसा फाटलेला का नाही?” खिसा मी आदल्या रात्री शिवला होता. तरी मूल नको म्हणालं तर जबरदस्ती करू नये. बाहेर दिसणारा एक कपडा नवा घ्यावा, बाकीचं जुनं खपून जातं.

‘बूट दोन नंबर मोठे, पुढे कापूस.’ हा नियम मात्र नुसता खर्चिक नाही, त्रासदायक आहे. मोठ्या बुटात पाऊल पुढेमागे सरकतं, टाचेला फोड येतात, मूल बोटं आवळून चालतं. अंगठ्यापुढे सेंटिमीटरभर जागा पुरते. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पावलं थोडी सुजतात. मुलाला कागदावर उभं करा, दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा, मोठं असेल त्याच्या पुढे सेंटिमीटरभर वाढवून ते कापा आणि तो कागद खिशात घालून दुकानात जा. मूल बरोबर नसलं तरी चालतं. कागद बुटात सरकवायचा. कडेला वळला तर तो बूट परत फळीवर ठेवायचा आणि पुढचा मागायचा.