गोलातल्या 'आर'बद्दल खुलासा

आपल्या इंदूरच्या गृहउद्योगवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय : 'उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) झाली की लोगो आपला, लेबलवर गोलातला आर (®) बिनधास्त छापा.' साफ चूक. उद्यम प्रमाणपत्राने फर्मला ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी ९,००० ऐवजी ४,५०० रुपये पडते, एवढंच. व्यक्तीच्या नावावर अर्ज असेल तर तशीही ४,५००च. तीही एका वर्गाची, म्हणजे मालाच्या एका प्रकाराची : मसाले वर्ग ३०, लोणचं २९. दोन्ही विकता? मग दोनदा भरा.

गोलातला आर ट्रेडमार्कची नोंदणी झाल्यावरच. तोवर 'टीएम' लिहा. खोटा आर १९९९च्या कायद्यातल्या कलम १०७मध्ये अडकवतो. माझ्या मेतकुटाच्या पाकिटांवर छपाईवाल्याने तो शोभेला टाकला होता. दोन दुपारी स्टिकर चिकटवत बसले.